रेगेबाईंच्या दोन टोळ्या

मुलुंडच्या आमच्या शाळेत रेगेबाईंना खुर्चीवर बसलेलं मी कधी पाहिलं नाही. त्या खिडकीत बसायच्या. शाळा एका जुन्या बंगल्यात भरायची आणि त्या बंगल्याच्या खिडक्या चांगल्या ऐसपैस होत्या. एक पाय वर घेऊन, पदर खोचून, मुठीत खारे दाणे घेऊन बाई इतिहास शिकवायच्या. हेडमास्तरांनी एकदा दबकत सुचवून पाहिलं की वर्गात खुर्ची ठेवलेली असते ती शिक्षकांसाठीच. बाई म्हणाल्या, "खुर्चीत बसलं की मला झोप येते, सर. मुलांना तर येतेच. कोणीतरी एक जागं हवं ना."

मी तिथे चित्रकला आणि शिवण शिकवायला लागले तेव्हा पन्नासचं दशक नुकतं उजाडलं होतं. बाई चाळिशीच्या होत्या. लग्न केलेलं नव्हतं, आणि का केलं नाही हे विचारायची सोयही नव्हती. घरी एक म्हातारी मावशी, तिला सगळे माई म्हणत. त्यांच्याच घराची मागची खोली मला राहायला मिळाली, त्यामुळे बाई मला शाळेतही दिसत आणि घरीही. दोन्हीकडे सारख्याच दिसत, हे त्यांचं विशेष. घरी एक आणि चारचौघांत दुसरं असं त्यांच्यात काही नव्हतंच.

त्या वेळचं मुलुंड आज कोणाला सांगून पटायचं नाही. रेल्वेच्या फाटकानं गावाचे दोन तुकडे केले होते. फाटकाअलीकडे आंब्याच्या झाडांत बसलेली आमची घरं, फोर्टात कचेरीत जाणारी माणसं, तुळशीवृंदावनं. फाटकापलीकडे आगरी लोकांची वस्ती, भाताची खाचरं, आणि त्यापुढे खाडीपर्यंत पसरलेली मिठागरं. उन्हाळ्यात मिठाच्या राशी अशा चमकायच्या की डोळ्यांवर हात धरावा लागायचा. शाळा मात्र एकच. आणि शाळा सुटली की फाटकाअलीकडची पोरं आणि पलीकडची पोरं रुळांच्या दोन बाजूंना उभी राहून एकमेकांवर दगड मारत. रुळांमध्ये खडीला काही तोटा नव्हता. आठवड्याला एखादं डोकं फुटायचंच. हेडमास्तर छड्या मारायचे, पालक यायचे, भांडायचे, जायचे. पुढच्या आठवड्यात पुन्हा तेच.

एका शनिवारी, अर्धी शाळा सुटायच्या आधी, बाई सातवीच्या वर्गात खिडकीत बसल्या आणि म्हणाल्या, "तुम्हाला टोळीयुद्ध आवडतं ना? मग ऐका. तुमच्यापेक्षा झकास टोळ्या मला ठाऊक आहेत."

आणि त्यांनी गोष्ट सुरू केली. शिलाहार राजांच्या काळातली ठाण्याची खाडी. खाडीत चोरटा माल वाहणाऱ्या दोन टोळ्या, एक भरतीवाल्यांची, एक ओहोटीवाल्यांची. खाडीच्या देवीनं त्यांना पाणी वाटून दिलेलं. भरतीचं पाणी एकांचं, ओहोटीचं दुसऱ्यांचं. जो दुसऱ्याच्या पाण्यात पाय घालेल तो स्वतःचं नाव विसरेल. ओहोटीवाल्यांच्या म्होरक्याची मुलगी रेवा, भरतीवाल्यांच्या होड्या हाकणारा तांडेल सारंग. दोघांना भेटायचं तर एकच वेळ होती, भरती संपून ओहोटी लागण्याआधी पाणी घटकाभर थबकतं ती. ते पाणी कोणाचंच नसतं.

मी शेजारच्या वर्गात मुलींना टाके शिकवत होते. दोन खोल्यांमध्ये बांबूच्या तट्ट्याची भिंत होती, त्यामुळे सगळं ऐकू यायचं. त्या दिवशी माझ्या वर्गात कोणी टाका घातला नाही. मीही नाही.

रंगात आलेली गोष्ट बाईंनी मध्येच तोडली. "आता पुढच्या शनिवारी. पण या आठवड्यात फाटकावर एक जरी दगड उडाला, तरी गोष्ट नाही."

मुलांना वाटलं, बाई नुसतं म्हणतायत. बुधवारी दगड उडाले. शनिवारी बाई आल्या, खिडकीत बसल्या आणि तास संपेपर्यंत दाणे खात बाहेर बघत राहिल्या. कोणी काही विचारलं तरी नुसतं हसायच्या. मी तट्ट्यापलीकडून ऐकत होते, अख्ख्या तासात फक्त दाणे चावल्याचा आवाज. त्यानंतर पोरांनीच पोरांना आवरायला सुरुवात केली. फाटकावर कोणी खडीला हात लावला की त्याच्याच बाजूचे ओरडायचे, "ए, टाक खाली. शनिवारची वाट लावशील."

भांडणं थांबली असं नाही. ती आता तोंडानं होऊ लागली. अलीकडची पोरं स्वतःला भरतीवाले म्हणवू लागली आणि पलीकडची ओहोटीवाले. कोणाचा म्होरक्या शूर, कोणाच्या होड्या वेगवान, यावर घसे बसायचे. एखादं पोर बाईंना विचारायचं, "बाई, हे खरंच घडलं होतं का?" बाई म्हणायच्या, "घडलं असतं तर मला इतकं नीट आठवलं असतं का रे?"

घरी ती गोष्ट लिहिली जायची. माई ठार बहिऱ्या. पण लिहिलेलं प्रत्येक प्रकरण बाई आधी माईंना वाचून दाखवत, आणि ते ओरडूनच वाचावं लागे. संध्याकाळी ओसरीवर बसून बाई वाचू लागल्या की आजूबाजूच्या चार घरांत सगळं स्वच्छ ऐकू जाई, शिट्ट्या मारणारे कुकर नव्हते त्या काळी. एकदा होडीवरच्या मारामारीचं प्रकरण चाललं होतं. बाई ओरडल्या, "सोडू नका त्याला, पाण्यात लोटा." पलीकडच्या घरातले एक गृहस्थ काठी घेऊन धावत आले. बाईंनी त्यांना शांतपणे बसायला पाट दिला आणि म्हणाल्या, "आलाच आहात तर ऐका. पुढं फार चांगलं आहे." ते काठी मांडीवर ठेवून शेवटपर्यंत बसले. माईंनी सगळं ऐकून विचारलं, "मुलीचं लग्न होतं की नाही, तेवढं सांग."

त्या सातवीत पुष्पा जोगळेकर नावाची मुलगी होती. तिचे वडील शाळेच्या व्यवस्थापक मंडळावर होते. काळी टोपी, बंद गळ्याचा कोट, बोलणं मोजकं. पुष्पा मात्र भांडखोर. एका शनिवारी गोष्टीत रेवा किनाऱ्यावर सारंगची वाट बघत उभी होती. पाणी थबकलं, सारंग आला नाही, पाणी फिरलं, रेवा रडत परतली. पुष्पा उठून उभी राहिली.

"बाई, ती उभी का राहते? तिच्या बापाकडे एवढ्या होड्या आहेत. ती का नाही जात?"

मागच्या बाकावरून काशीनाथ भोईर म्हणाला, "तिला वल्हवता येत नसंल."

"मग शिकेल," पुष्पा म्हणाली. "खाडीवर राहते आणि होडी येत नाही? काहीतरीच."

बाईंनी दाणे खायचे थांबवले. काशीनाथचे वडील धर्मा भोईर मिठागरावर कामाला, आणि त्यांची स्वतःची लहानशी होडीही होती. बाई म्हणाल्या, "काशीनाथ, मुलीला वल्हवायला शिकवायचं तर किती दिवस लागतील रे?"

काशीनाथनं पुष्पाकडे नीट बघून घेतलं. "कोन मुलगी त्यावर हाय, बाई."

वर्ग हसला. पुढच्या शनिवारी रेवा स्वतः वल्ही मारत निघाली आणि तिथून कादंबरीचं तोंडच फिरलं. पुढं बाई मला घेऊन खाडीवर गेल्या, पाणी थबकतं ते डोळ्यांनी बघायला. धर्मा भोईरांनी आम्हाला होडीत बसवलं. बराच वेळ बसल्यावर ते म्हणाले, "पानी थांबत नाय बाई. आपल्याला तसा वाटतं."

"माझ्या गोष्टीत थांबेल," बाई म्हणाल्या.

"तुमचे गोष्टीत थांबू दे की," धर्मा म्हणाले आणि विडी शिलगावली. परत येताना त्यांच्या बायकोनं बाईंना सुकटीची पुडी बांधून दिली. बाई मासे खाणाऱ्या. ती पुडी त्यांनी शाळेच्या पिशवीत ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सातवीच्या वह्यांना खाडीचा वास येत होता.

कादंबरी ठाण्याच्या एका छोट्या छापखान्यानं छापली. मुखपृष्ठ मी काढलं. दोन होड्या, एकीत वल्ही मारणारी रेवा, मधे सपाट पाणी. बाईंनी ते हातात धरून लांब नेलं, जवळ आणलं आणि म्हणाल्या, "रेवाचे दंड बारीक झालेत. एवढी होडी वल्हवते ती." मी दंड जाड केले. शेवटी रेवा आणि सारंग थबकलेल्या पाण्यावर एका होडीतून निघून जातात, असा शेवट होता. पुस्तकाला मुलुंडबाहेर कोणी फारसं विचारलं नाही. पण शाळेच्या कपाटातल्या प्रती हाताळून हाताळून मऊ झाल्या.

वर्षं गेली. ती सातवी शाळेतून बाहेर पडली. काशीनाथ मॅट्रिक होऊन भांडुपच्या एका कारखान्यात लागला. पुष्पा कॉलेजात जात होती. आणि दशक संपत आलं असताना एका सकाळी बातमी आली की दोघांनी ठाण्याला जाऊन नोंदणी लग्न केलं आणि पुष्पा फाटकापलीकडे भोईरांच्या घरी राहायला गेली.

आज ऐकणाऱ्याला यात काही वाटणार नाही. तेव्हा अख्खं मुलुंड हादरलं. जोगळेकरांनी घराची पुढची दारं लावून घेतली. पुष्पाची आई, राधाकाकू, हळदीकुंकवाला दिसेनाशी झाली. आणि आठवड्याभरात कोणाला तरी आठवलं की शाळेत या दोघांना एक कादंबरी ऐकवली जायची, तिच्यात नेमकं हेच होतं.

व्यवस्थापक मंडळाची बैठक शाळेतच झाली. त्या वर्षी हेडमास्तर निवृत्त होणार होते आणि त्यांच्या जागी रेगेबाई येणार हे जवळपास ठरलेलं होतं. मी तट्ट्याच्या अलीकडे मुलांची चित्रं लावत होते. खरं सांगायचं तर हातात चित्रं होती इतकंच.

जोगळेकरांचा आवाज आला. "हे पुस्तक माझ्या मुलीनं इथं ऐकलं. तिच्या डोक्यात हे तुम्ही घातलंत, बाई."

"जोगळेकर, उलटं आहे," बाई म्हणाल्या. "माझी नायिका किनाऱ्यावर रडत उभी होती. तिला होडीत बसवली ती तुमच्या पुष्पानं. पुस्तकानं मुलीला नाही बिघडवलं. मुलीनं पुस्तक बदललं."

कोणीतरी खोकलं. मग अध्यक्ष समजावणीच्या सुरात म्हणाले की बाईंबद्दल सर्वांना आदर आहे, पण लोकांना उत्तर द्यावं लागतं. पुस्तक कपाटातून काढावं. नवी आवृत्ती निघणार असेल तर शेवट बदलावा, मुलांवर चांगला संस्कार होईल असा. मग पुढचं सगळं सुरळीत होईल. पुढचं म्हणजे काय, ते सगळ्यांना कळत होतं.

बाई दाणे चावत असल्याचं ऐकू आलं. मग म्हणाल्या, "शेवट बदलायलाच हवा. मलाही तो कच्चा वाटतो आहे."

घरी येताना मी रागानं दहा पावलं पुढेच चालत होते. बाईंनी ओळखलं. फाटकापाशी थांबून म्हणाल्या, "तुला वाटतं मी भ्याले."

"मग काय वाटावं?"

"अगं, मी दोघांना होडीत बसवलं आणि पुस्तक मिटलं. होडी कुठं तरी लागणार ना? त्या घरात काय शिजतं, कोण बोलतं, कोण बोलत नाही, यातलं मी काहीच लिहिलं नाही. पुष्पा तिथं कशी असेल, याचा मी आठवडाभर विचार करते आहे."

उन्हाळ्याच्या सुट्टीत त्यांनी ते प्रकरण लिहिलं. रेवा भरतीवाल्यांच्या वस्तीत राहायला जाते. कोणी तिला छळत नाही. पण ती दुसऱ्यांच्या पाण्यात राहते आहे, आणि देवीचा शब्द खोटा होत नाही. रेवा रोज थोडं थोडं स्वतःचं नाव विसरू लागते. सारंग हाक मारतो, तिला वाटतं दुसऱ्या कोणाला मारतोय. उपाय एकच, ज्यानं नाव ठेवलं त्यानं येऊन हाक मारायची. नाव ठेवलेलं आईनं, पण ती त्या पाण्यात यायला तयार नाही. आली तर तीही नाव विसरेल.

हे प्रकरण बाईंनी दुपारी मागच्या अंगणात बसून माईंना वाचून दाखवलं. एकदा नाही, लागोपाठ तीन-चार दुपारी, थोडं थोडं. आमच्या मागच्या अंगणाला जोगळेकरांचं मागचं अंगण लागून होतं, मधे मेंदीचं कुंपण. मी खोलीच्या दारातून पाहिलं तर माई भिंतीला टेकून घोरत होत्या आणि बाई नेहमीच्या वरच्या पट्टीत वाचत होत्या. कुंपणापलीकडे राधाकाकू धुणं वाळत घालत होत्या. दोरीवर वाळत घालायला काही उरलं नव्हतं तरी उभ्याच होत्या.

शेवटच्या दुपारी त्या कढीपत्ता हवा म्हणून आल्या. कढीपत्त्याचं झाड त्यांच्याच अंगणात होतं. बाईंनी पाट सरकवला. राधाकाकू बसल्या. मग पदरानं तोंड पुसून म्हणाल्या, "ती आई जाते का हो शेवटी?"

"अजून लिहिलं नाही," बाई म्हणाल्या. "मला ठाऊक नाही ती जाईल का."

राधाकाकूंनी कुंपणापलीकडे आपल्या घराकडे पाहिलं. "ह्यांना न सांगता निघावं लागेल. मला वाट माहीत नाही तिकडची."

"मला आहे," बाई म्हणाल्या.

आम्ही तिघी निघालो. फाटक ओलांडल्यावर राधाकाकूंनी डोक्यावरून पदर घेतला आणि बांधावरून खाली बघत चालल्या. भोईरांच्या अंगणात बोंबील वाळत टाकले होते. तो वास आल्याबरोबर त्यांचा पाय थांबला. धर्मा भोईरांची बायको बाहेर आली. तिनं एका नजरेत सगळं ओळखलं. तिनं अंगणाच्या दुसऱ्या टोकाला, वाऱ्याच्या बाजूला, झाडाखाली नवी चटई अंथरली. शहाळं आणलं, केळी आणली. "बस, बाय. इथं मासलीचा हात लागला नाय कशाला. घरान नको येऊस. पोरीला मीच बाहेर धाडतंय."

पुष्पा बाहेर आली. आगरी बायकांसारखं लुगडं नेसलेली, हात ओले. आईला बघून दारातच उभी राहिली. राधाकाकूंनी डोक्यावरचा पदर मागे सारला. मग त्यांनी हाक मारली, "पुष्पे." आणि लगेच, जणू रोजचंच असावं तसं, "केसांना तेल नाही लावलंस किती दिवस?"

पुष्पा येऊन त्यांच्या मांडीवर डोकं ठेवून रडली. काशीनाथची आई आत गेली आणि तेलाची वाटी आणून राधाकाकूंच्या हाताशी ठेवून पुन्हा आत गेली. रेगेबाई तोपर्यंत बोंबलांपाशी जाऊन धर्मा भोईरांशी यंदाच्या मिठाबद्दल बोलत होत्या. त्यांनी एकदाही इकडे वळून पाहिलं नाही.

नव्या आवृत्तीत आई मुलीकडे गेली. मंडळानं ते वाचलं आणि त्यांना काय कळायचं ते कळलं. हेडमास्तर म्हणून दादरहून एक गृहस्थ आले. बाई इतिहास शिकवत राहिल्या, खिडकीतच बसून. त्यांना वाईट वाटलं का, हे मी एकदा विचारलं. "वाटलं ना," त्या म्हणाल्या. "मला ती खोली हवी होती. तिथली खिडकी सगळ्यात मोठी आहे." गंमत म्हणजे नवं प्रकरण मुलांना मुळीच आवडलं नाही. एक पोरगा तोंडावर म्हणाला, "बाई, शेवटी मारामारीच नाही." बाई म्हणाल्या, "आहे रे. मोठा झालास की दिसेल."

राधाकाकू पुढं पंधरवड्यानं, महिन्यानं, बाईंबरोबर फाटकापलीकडे जात राहिल्या. जोगळेकरांना ते ठाऊक होतं. ते विचारत नव्हते आणि त्या सांगत नव्हत्या. पुष्पाला मुलगी झाली तेव्हा बारशाला माहेरचं म्हणून फक्त राधाकाकू आणि रेगेबाई होत्या. जोगळेकर त्या दिवशी कचेरीत गेले होते, रविवार असून.

माझं लग्न ठरलं आणि मी अंधेरीला जायला निघाले तो दिवस. सामान टांग्यात चढवलं होतं. बाई सकाळीच माझा निरोप घेऊन कुठेतरी बाहेर पडल्या होत्या. निरोप म्हणजे काय, "नवऱ्याला चित्रं काढून दाखव, समजलं नाही तर समजाव," एवढंच. फाटक बंद होतं म्हणून टांगा थांबला. मी पलीकडे बघत होते.

मिठागराच्या बांधावरून दोन माणसं चालली होती. पुढे रेगेबाई. त्यांच्या मागे बरंच अंतर ठेवून काळी टोपी, बंद गळ्याचा कोट. जोगळेकर. त्यांच्या खांद्यावर लाकडी पांगुळगाडा होता, नवा, लाल-हिरव्या चाकांचा, मुलांना चालायला शिकवतात तसा. त्यांना तो धड धरता येत नव्हता, दर चार पावलांनी खांदा बदलत होते. एकदा ते थांबले. बांधावर पांगुळगाडा टेकवून मागे फाटकाकडे बघत उभे राहिले. मला वाटलं, आता परत फिरतात.

बाईही थांबल्या. मागे वळल्या नाहीत. पाठमोऱ्याच उभ्या राहून त्यांनी पदर सारखा केला, खाली वाकून चपलेतला खडा काढला, पुन्हा चप्पल घातली, आणि खाडीकडे बघत राहिल्या, जसं काही त्यांना कुठंच जायची घाई नव्हती.

जोगळेकरांनी पांगुळगाडा उचलला. त्यांची पावलं ऐकू आली असावीत, कारण तेव्हाच बाई चालू लागल्या. गाडी धडधडत मधून गेली, फाटक उघडलं, आणि टांगेवाल्यानं रूळ ओलांडून घोडा दुसरीकडे वळवला.